लाठीऐवजी बस

पोलिसातून निवृत्त झालेली बाई लग्नाच्या पंगतीत शेजारी बसली की लोक थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलतात. मग वरण-भात संपत आला की हळूच विचारतात, "मॅडम, तुम्ही कधी कोणाले लाठीनं मारलं का हो?" विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर भीती नसते, गंमत असते. मी "हो" म्हणते. मग समोरचा वाढप्याला हाक मारून पापड मागतो.

आमच्या मराठी मंडळाच्या अंकासाठी लिहा म्हणून निरोप आला तेव्हा सांगणाऱ्या ताईंच्या मनातही बहुतेक तेच असावं. चोर, दरोडे, खून असलं काही. पण माझ्या नोकरीचा मोठा भाग चोरांमागे गेलाच नाही. तो गेला उन्हात उभं राहण्यात, समोर बसलेल्या बायांकडे बघत.

माझे वडील गोंदियाकडून रेल्वेत रायपूरला आले आणि इथलेच झाले. मी पोलिसात लागले तेव्हा हा सगळा मध्यप्रदेश होता. कोणाला सरकारशी भांडायचं असलं की तो भोपाळची गाडी पकडायचा. मग राज्य वेगळं झालं, रायपूर राजधानी झाली आणि आमच्या कामाची जातच बदलली. आता बस्तरचा माणूस असो की सरगुजाचा, ज्याला गाऱ्हाणं तो रायपुरात. शिक्षक, नर्सा, वनमजूर, पेन्शनर, सगळे बूढ़ातलावाजवळ येऊन बसत. एका बाजूला तलाव, दुसऱ्या बाजूला बूढ़ापाऱ्याच्या अरुंद गल्ल्या, मध्ये तंबू, माईक आणि आम्ही. गल्लीतले दुकानदार आमच्यावर चिडलेले, कारण रस्ता बंद. बसलेले लोक आमच्यावर चिडलेले, कारण रस्ता आम्ही बंद केलेला. सरकार चिडलेलं, कारण ते लोक तिथे होतेच.

सगळंच काही वाईट नव्हतं, हेही सांगायला हवं. बाहेरच्यांना वाटतं की पोलीस आणि आंदोलक म्हणजे साप-मुंगूस. अर्धा वेळ आमचं आपसात ठरलेलं असे. "गिरफ्तारी देणं" नावाचा एक प्रकार आहे. मोर्चा बॅरिकेडपाशी येतो, जरा रेटारेटी होते, पुढारी अटक करवून घेतात, गाडीत बसतात, संध्याकाळी सुटतात. एकदा एक पुढारी माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मॅडम, जरा खींचने जैसा करो ना, फोटोवाला अभी आया है." पुरुषांना ओढणं महिला पोलिसांचं काम नाही, हे सांगितल्यावर तो फार हिरमुसला. आणखी एकदा पेन्शनरांच्या धरण्यात एक रिटायर्ड गुरुजी सकाळपासून हट्ट धरून बसले की पहिली अटक माझीच करा. मला वाटलं, काय हा बाणेदारपणा! मग त्यांनी हळूच सांगितलं की धरण्याच्या जागी लघवीची सोय नाही आणि ठाण्यात आहे. मी त्यांना अटक न करताच घेऊन गेले. परत आल्यावर त्यांनी आमच्याविरुद्ध इतकं जोरदार भाषण केलं की मला थोडं वाईटच वाटलं.

लाठीबद्दल एक गोष्ट साध्या शब्दांत सांगते, कारण वर्तमानपत्रात ती कधी येत नाही. आम्हाला शिकवतात की कमरेखाली मारा. परेडच्या मैदानावर ते जमतं. पण माणूस लाठी पाहून वाकतो. वाकला की कमरेच्या जागी त्याचं डोकं येतं. मग चौकशीत सगळे खरं बोलतात, मारणाराही आणि मार खाणाराही. एक म्हणतो मी कमरेखाली मारलं, दुसरा डोक्याचे टाके दाखवतो.

हे मला पाठक साहेबांनी सांगितलं. ते आमच्याकडे सीएसपी होऊन आले, म्हणजे शहरातल्या आमच्या भागाचे साहेब. रीवाकडचे, उंच, थोडे पोक आलेले, चहात साखर न घेणारे. आधीच्या जिल्ह्यात त्यांच्या हुकमानं झालेल्या लाठीमारात एका कारकुनाचा एक डोळा गेला होता. मोर्च्यात नव्हताच तो, डबा घेऊन घरी चालला होता. साहेबांनी ही गोष्ट मला एकदाच सांगितली, जीपच्या बॉनेटवर चहाचा ग्लास ठेवून. "मेश्राम, मैं अब लाठी का ऑर्डर नहीं दूँगा. कुछ और सोचना पड़ेगा."

त्यांनी बस शोधून काढली.

आधीही लोकांना बसमध्ये भरून जवळच्या अस्थायी जेलमध्ये न्यायचे, एखाद्या मैदानात नाहीतर शाळेत. पण तिथून सोडलं की लोक तासाभरात परत तलावापाशी. साहेबांनी ठरवलं की लोकांना शहराबाहेर लांब वसवलेल्या नव्या रायपुरात सोडायचं. तेव्हा मंत्रालय नुकतंच तिकडे गेलेलं होतं. रुंद रस्ते, मोठ्या इमारती, माणूस औषधालाही नाही. तिथून शहरात यायला बस क्वचित. माणसं उतरत, थोडा वेळ घोषणा देत, पण ऐकायला कोणी नसे. मग दमून बसची वाट बघत आणि परस्पर आपापल्या गावी जात. कोणाला खरचटत नसे. साहेबांनी जागाही बघून ठरवली होती. एक चौक होता, मंत्रालयापासूनही बराच दूर, तिथे दोन-तीन टपऱ्या, एक जुनं कडुलिंबाचं झाड, आणि आमच्या सांगण्यावरून पाण्याचा टँकर. "पानी और छाया, ये दो चीज़ पहले देखना," ते मला सांगत. बायांच्या पहिल्या बसमध्ये बहुतेक वेळा मीच असे.

पहिल्या पावसाळ्यात आणि हिवाळ्यात हे इतकं छान चाललं की वर्तमानपत्रांनी कौतुक केलं. लाठी न उगारणारे पोलीस म्हणून साहेबांचा फोटो आला. बसमध्ये बाया गाणी म्हणत. काहींनी नवं रायपूर पाहिलंच नव्हतं, त्या खिडकीतून बघत आणि मला विचारत, "मैडम, इहाँ कोन रइथे?" इथे कोण राहतं. मी खूश होते. घरी येऊन नवऱ्याला म्हणायचे, "पहिल्यांदा असा साहेब मिळाला, जो डोक्याचा विचार करून राहिला."

घरात विरोध एकच होता. माझी मुलगी स्नेहा तेव्हा कायद्याच्या शिक्षणाला होती. आमच्याकडच्या पोरांना मराठी समजतं, पण ती बोलतात हिंदीत. ती म्हणाली, "मम्मी, किसी को हिरासत में लिया है तो थाने ले जाओ, अदालत ले जाओ. बीच सड़क पर छोड़ देना कौन से कानून में है?"

मी म्हटलं, "मग डोकी फोडू का?"

"दो ही रास्ते हैं क्या?"

मी तिला जेवायला वाढलं आणि विषय बदलला.

शाळांत दुपारचं जेवण रांधणाऱ्या बाया दर वर्षी येत. इकडे त्यांना रसोइया म्हणतात. मानधन वाढवा, एवढीच मागणी. त्यांची पुढारीण होती दुलारीबाई, तिल्द्याकडच्या एका गावातली. पन्नाशी उलटलेली, दंडावर गोंदण, आवाज असा की माईकची गरज नाही. धरण्याच्या पहिल्याच दिवशी ती माझ्या शील्डसमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "मैडम, तोर घर मा कोन रांधथे?" तुझ्या घरी स्वयंपाक कोण करतं?

"सासू."

"त ओला घलो ले आ. हमर संग बइठही." तिलाही घेऊन ये, आमच्यासोबत बसेल.

मागच्या सगळ्या बाया हसल्या. शिपायांच्या रांगेतल्या आमच्या पोरीही हसल्या. मी हसू दाबलं, पण तिला ते दिसलं. त्यानंतर रोज सकाळी ती मला आधी सासूची तब्येत विचारायची आणि मग सरकारविरुद्ध घोषणा द्यायची.

मे महिना होता. बायांनी मंत्रालयावर चालत जायचं ठरवलं आणि बॅरिकेडपाशी आमच्यात रेटारेटी सुरू झाली. साहेबांनी बसेस बोलावल्या. दुलारीबाई दाराशी उभी राहून एकेकीला नाव घेऊन चढवत होती, म्हाताऱ्यांना आधी, लेकुरवाळ्यांना त्यांच्यामागे. म्हणून ती स्वतः शेवटच्या बसमध्ये आली. मी पहिल्या बसमध्ये होते. आम्ही नेहमीच्या चौकात पोचलो, टँकर होता, झाड होतं, बाया उतरल्या. मागच्या बसेस येत राहिल्या. शेवटची आली नाही. मला वाटलं, शहरातच थांबली असेल.

ती थांबली नव्हती. कोणा मोठ्या माणसाचा दौरा त्या रस्त्यानं निघणार होता. वायरलेसवर वरून हुकूम आला की चौकाकडे आणखी गर्दी नको, गाडी पुढे घ्या. बसमध्ये दोन नवे शिपाई होते. त्यांनी ड्रायव्हरला पुढे न्यायला लावलं आणि जिथे रस्ता मोकळा दिसला तिथे बायांना उतरवून ते परत फिरले. "चौक इथून जवळच आहे" असं सांगून.

नव्या रायपुरात ज्यांनी भर उन्हात पायी चालून पाहिलं आहे त्यांनाच हे कळेल. सगळे चौक एकसारखे. दुभाजकावर कमरेएवढी रोपं, सावली कशाचीच नाही. रस्ता इतका रुंद की पलीकडचा माणूस हाकेला ओ देत नाही, आणि माणूस तर नाहीच. बाया चुकीच्या दिशेला चालत गेल्या. दुलारीबाईनं आपल्या बाटलीतलं पाणी दुसरीला पाजलं. मग तिची जीभ अडखळायला लागली, काहीतरी असंबद्ध बोलली आणि दुभाजकाच्या कडेला कोसळली. बाया गाड्यांना हात करत राहिल्या. गाड्या वेगात होत्या. एका बांधकामावरच्या मिस्त्रीला त्या दिसल्या, त्यानं आपल्या मुकादमाची गाडी आणवली. रुग्णालयात पोचेपर्यंत दुपार उतरली होती.

मला निरोप मिळाला तशी मी रुग्णालयात गेले. पाठक साहेब आधीच आलेले होते. वर्दीतच, भिंतीला पाठ लावून. समोर बाकावर दुलारीबाईची सून बसली होती. टिकेश्वरी नाव तिचं, पंचविशीची, पायात एकच चप्पल, दुसरी धावपळीत कुठेतरी राहिली असावी. तिनं साहेबांना विचारलं, "कहाँ छोड़े रहेव साहब?" कुठे सोडलं होतंत?

साहेबांनी सेक्टर आणि रस्ता सांगितला. त्या बिचारीला सेक्टर कळत नव्हता. मग ते म्हणाले, "बहुत दूर. मैंने भेजा था."

मी मध्ये बोलायला गेले की सर, ते तुम्ही नाही, हुकूम वरून... त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

दुलारीबाई वाचली. डॉक्टरांनी सांगितलं की ऊन मेंदूत गेलं आहे, तोल आणि जीभ यांचं काही सांगता येत नाही. ते खरं ठरलं. ती घरी गेली ती भिंत धरून चालणारी. हात असे थरथरत की पळी कढईपर्यंत पोचायच्या आत सांडे. तोंडातून शब्द निघत ते ओल्या कापडात गुंडाळल्यासारखे. ज्या बाईला माईक लागत नव्हता तिचं बोलणं आता फक्त सुनेला समजायचं.

मग चर्चा सुरू झाली. इतकी चर्चा रायपुरात पोलिसांवर आधी कधी झाली नव्हती. समता कॉलोनीतल्या एका डॉक्टरांनी वर्तमानपत्रात लिहिलं की मे महिन्यात भर दुपारी माणसाला निर्जन रस्त्यावर सोडणं हा हल्लाच आहे, फक्त त्याचा वळ दिसत नाही. ते खरंच होतं, मला वाचतानाही पटलं. बूढ़ापाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी पत्रक काढलं की मग आम्ही काय कायम दुकानं बंद ठेवायची? तेही अगदीच खोटं नव्हतं. टीव्हीवाल्यांनी साहेबांचा तो कौतुकाचा फोटो परत बाहेर काढला आणि त्यावर लाल गोल केला. नोकरीतल्या माणसाला बाहेर तोंड उघडता येत नाही. साहेबांना उघडायचंही नव्हतं. चौकशी झाली, मी जे पाहिलं ते सांगितलं. शेवटच्या बसला पुढे घ्यायचा हुकूम कोणाचा, हे साहेबांना विचारलं तेव्हा त्यांनी उत्तर दिलं की बसनं न्यायची कल्पना माझी होती. मी नंतर चिडून म्हटलं, "सर, आप बोल सकते थे."

"बोलता तो क्या होता? वो दो लड़के सस्पेंड होते, जो बस में थे. ऊपर तक कुछ नहीं जाता." आणि मग, "और कल्पना तो मेरी ही थी, मेश्राम. दूर ले जाने की."

त्याच दिवसांत शहरातल्या एका सभागृहात जाहीर परिसंवाद झाला, जमाव हाताळताना पोलिसांनी काय करावं यावर. मी साध्या साडीत मागच्या रांगेत जाऊन बसले. मंचावर वकील होते, प्राध्यापक होते, एक निवृत्त अधिकारी होते. बोलले सगळे चांगलं. कायदा, हक्क, दुसऱ्या देशांतल्या पद्धती. मग ते निवृत्त अधिकारी म्हणाले, "आमच्या वेळी लाठी होती. लाठी खाणारा निदान संध्याकाळी आपल्या घरी तरी पोचायचा." सभागृह हसलं. टाळ्याही पडल्या. हसण्यात तसा दुष्टपणा नव्हता. बराच वेळ गंभीर भाषणं ऐकल्यावर लोक हसायला टेकलेलेच असतात.

तेव्हा मला पुढच्या रांगेच्या टोकाला टिकेश्वरी दिसली. आयोजकांनी तिला बोलवून आणलं होतं, सासूबद्दल दोन शब्द बोलायला. पण भाषणं लांबली, सभागृहाची वेळ संपली, आभारप्रदर्शन झालं आणि तिचं बोलणं राहून गेलं. लोक बाहेर निघाले. मी जवळ गेल्यावर तिनं मला ओळखलं. ती नव्या, घडीच्या साडीत होती. म्हणाली, "दीदी, ए मन काबर हाँसिन?" हे लोक का हसले?

ती छत्तीसगढी बोलत होती आणि मंचावरचं भाषण शुद्ध हिंदीत झालं होतं. मला आधी वाटलं, तिला विनोद कळला नसेल. पण तिला शब्द कळले होते. हसू कळलं नव्हतं. मी तिला स्टेशनवर नेलं आणि तिल्द्याच्या गाडीत बसवून दिलं.

साहेबांची बदली झाली. मुख्यालयात, स्टोअरकडे, जिथे वर्दीचं कापड आणि बूट मोजतात. जाताना त्यांनी कोणालाच भेटायला बोलावलं नाही. नवे साहेब आले. चांगले होते, उत्साही, तरुण. पहिल्याच बैठकीत म्हणाले, "बस-वस का नाटक बंद. उसमें बदनामी है." आणि खरोखरच, जे जे बसविरुद्ध लिहीत-बोलत होते, त्यांतल्या कोणीही बसऐवजी काय, हे सांगितलेलं नव्हतं. बस बंद झाली आणि त्यांना वाटलं की आपण जिंकलो. माझ्या मुलीलाही वाटलं. मी तिला दोष देत नाही. तिचं म्हणणं बरोबरच होतं. पण बरोबर म्हणण्यातून काय निघालं ते मी पाहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात रसोइया बाया परत आल्या. दुलारीबाईच्या जागी शाळेत आता टिकेश्वरी रांधत होती, म्हणून तीही आलेली. परत मंत्रालयावर जायचं निघालं, परत बॅरिकेड, परत आम्ही. पण या वेळी बायांकडे पाहून मला काहीतरी वेगळं वाटलं आणि ते काय हे कळायला थोडा वेळ लागला. प्रत्येकीच्या खांद्याला पिशवी होती. पिशवीत पाण्याच्या मोठ्या बाटल्या, कांदे, लिंबं, जुन्या धोतराचे ओले तुकडे. बऱ्याच जणी पायात बूट घालून आल्या होत्या, नवऱ्याचे, मुलाचे, मापाचे नसलेले. त्या बसमध्ये बसायची तयारी करून आल्या होत्या. कितीही दूर सोडा, चालू, अशा तयारीनं.

टिकेश्वरी बॅरिकेडला छाती टेकवून उभी होती. तिनं माझ्या मागे, रस्त्याकडे पाहिलं. मग मला विचारलं, "दीदी, आज मोटर नइ आय हे का?"

आज गाडी नाही आली का?

मी मान हलवली. तिला तेवढ्यानं कळलं. ती मागे वळून ओरडायला लागली की भागव, भागव, पळा. पण मागच्या बाया पुढे रेटत होत्या आणि त्यांना वाटलं ती पुढे चला म्हणते आहे. लाउडस्पीकरवर सूचना झाली. दंडाधिकाऱ्यांनी हुकूम दिला. आम्ही लाठ्या घेऊन पुढे गेलो. मीही गेले. बाया वाकल्या. त्यानंतर काय झालं ते वरती सांगितलंच आहे. टिकेश्वरीला लागलं नाही. तिच्या शेजारच्या बाईचं डोकं फुटलं, तिच्या हातातली लिंबाची पिशवी फाटली आणि लिंबं आमच्या बुटांखाली चिरडली गेली. आम्ही घसरू लागलो. एक शिपाई पोरगी पडली, तिला एका आंदोलक बाईनंच हात देऊन उठवलं आणि मग दोघी एकमेकींपासून लांब पळाल्या.

या लाठीमारावरही चर्चा झाली. दोन-चार दिवस. कोणी जन्माची अधू झाली नव्हती, त्यामुळे ती लवकर संपली. नंतर धरण्याची जागाच तलावापासून उचलून नव्या रायपुरात दूर नेली. आता लोक स्वतःच भाडं खर्चून तिकडे जातात, जिथे आम्ही त्यांना सोडत होतो. बूढ़ापाऱ्यातले रस्ते मोकळे असतात. कोणी काही म्हणत नाही.

मी निवृत्त होईपर्यंत तिल्द्याला गेले नाही. कोणत्या तोंडानं जाणार? निवृत्तीनंतर एका सकाळी पॅसेंजरनं गेले. दुलारीबाई ओसरीत बसली होती. मला ओळखलं. दोन्ही हातांत ग्लास धरून तिनं मला पाणी दिलं, अर्धं सांडलं. काहीतरी विचारलं. टिकेश्वरीनं चुलीपासूनच सांगितलं, "पूछत हे, तोर सास कइसे हे?" माझी सासू त्याआधीच गेली होती. मी ते सांगितलं. दुलारीबाई बराच वेळ मान हलवत राहिली. तेव्हापासून मी अधूनमधून जाते.

मागच्या उन्हाळ्यात समता कॉलोनीत हाडांच्या डॉक्टरकडे गुडघा दाखवायला गेले होते. बाकावर पाठक साहेब दिसले. रिटायर होऊन इथेच राहिले, हे मला माहीत नव्हतं. फार उतरले होते. मी नमस्ते केलं, ते सरकून बसले. वर भिंतीवर टीव्ही चालू होता. कुठल्यातरी दुसऱ्या शहरात लाठीमार झाला होता आणि त्यावर वाद सुरू होता. एक सुटातला माणूस म्हणत होता की पोलिसांनी अक्कल वापरायला हवी होती, बसमध्ये बसवून कुठेतरी दूर सोडून दिलं असतं तर रक्त सांडलं नसतं. बाकीचे मान डोलावत होते.

साहेब कंपाउंडरला म्हणाले, "भैया, इसे बंद कर दो."

त्यानं आवाज बंद केला. चित्र चालूच राहिलं.

थोड्या वेळानं साहेबांनी विचारलं, "दुलारी बाई कैसी है? तुम जाती हो, सुना है." मी सांगितलं की आता आधाराशिवाय अंगणापर्यंत येते, बोलणं तसंच आहे. ते म्हणाले, "एक बार मुझे ले चलो. इतने साल में हिम्मत नहीं हुई. अब हो रही है."

मला खोटं सांगता आलं असतं. पण हा प्रश्न कधीतरी येणार हे तिल्द्यात दुलारीबाईच्या घरी आधीच उमगलेलं होतं. मी कधी नाव काढलं नव्हतं, तरी टिकेश्वरी मला निरोप देताना एकदा म्हणाली होती, "तुमन आवत रहव दीदी. फेर ओ साहब ला झन लानहू." तुम्ही येत जा, पण त्या साहेबांना आणू नका. मी कारण विचारलं होतं. मला वाटलं होतं, राग असेल. ती म्हणाली, "ओहर माफी मांगही. त दाई ला हव कहे बर परही."

ते माफी मागतील. मग आईला हो म्हणावं लागेल.

मी साहेबांना हे जसंच्या तसं सांगितलं, तिच्याच शब्दांत. इतकी वर्षं इथे काढलेली, त्यांना अर्थ सांगावा लागला नाही. ते टीव्हीतल्या मुक्या माणसांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ठीक कहती है."

कंपाउंडरनं त्यांचं नाव पुकारलं. ते उठले, गुडघ्यावर हात दाबून, आणि आत गेले.

त्यानंतर ते मला भेटले नाहीत. तिल्द्याला मी अजून जाते. एकटीच.